साडी-गार्ड कापलेली बुलेट

आमच्या घरात दोन गोष्टींना बंदी होती — जुगार आणि भुतंखेतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. अमक्याच्या अंगात आलं असं कोणी सांगितलं की ते शांतपणे विचारायचे, "ताप पाहिला का?" अशा माणसाचा मी मुलगा. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत हसत हसत वाचत आलो... आणि आता स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर हसा, तुमच्या जागी मीही हसलो असतो. फक्त माझी मराठी आदिलाबादची आहे, तेवढी सांभाळून घ्या.

गोष्ट आंध्र प्रदेश अजून एकच होता तेव्हाची, म्हणजे त्याची शेवटची दोन-तीन वर्षं. आम्ही मावल्याला राहायचो, आदिलाबादला लागूनच. मी मंडल ऑफिसात क्लार्क, वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. घरात आई आणि मी, दोघंच. धाकटी बहीण सुजाता तामसीकडच्या एका खेड्यात दिलेली, आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांची साडेतीनशेची बुलेट तेव्हापासून मागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम, टायर बसलेले, सीटखाली उंदराचं बाळंतपण झालेलं.

आईबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. तिला ऐकू येत नाही. बाबा असतानाच कान कमी होत चालले होते, नंतर पुरतेच गेले. मी कानाची मशीन आणली तर म्हणाली, "हे घातलं का डोक्यात गिरणी चालू होते," आणि मशीन गेली कपाटात. तिच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, ओठ नीट हलवून. ओठांवरून ती अगदी बरोबर ओळखायची. पण पाठ फिरली की संपलं, मागे फटाके फोडले तरी पत्ता नाही.

तर त्या वर्षी मला कॅफे रेसरचं वेड लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — जुनी गाडी घ्यायची, नको असलेलं सगळं काढून टाकायचं, हँडल खाली आणायचं आणि एकाच माणसापुरती सीट बसवायची, मागे छोटंसं कुबड असलेली. चालवणारा टाकीवर पालथा पडल्यासारखा दिसतो, पण दिसतो भारी! इंटरनेटवर रात्रंदिवस फोटो पाहून मी ठरवलं की बाबांची बुलेट अशी करायची. स्वतःच्या हातानं. पाना कसा धरतात हेही तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण हौसेला काय तोटा?

पहिल्याच रविवारी ग्रिलवाल्याकडून ग्राइंडर मागून आणला आणि आई बाजारात गेलेली पाहून कापाकापी सुरू केली. लांब सीट गेली, लेग-गार्ड गेलं, मग साडी-गार्ड. साडी-गार्ड म्हणजे मागच्या चाकाला लागून असलेली लोखंडी जाळी. मागे एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती. ठिणग्या उडत होत्या, मी खुशीत होतो. मान वर केली तर समोर आई, हातात भाजीची पिशवी.

पिशवी बाजूला ठेवून तिनं खाली पडलेली जाळी उचलली. मग म्हणाली, "तुह्या बापानं हे माह्यासाठी लावून घेतलं होतं. मी मेली असं समजून कापलं का तू?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मी म्हणालो, "तू आता कुठं बसून राह्यली गाडीवर?" पुटपुटलोच होतो खरं तर, पण तोंड तिच्याकडे होतं. तिनं ओठ वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती सुजाताकडे निघून गेली. मला वाटलं, दोन-चार दिवसांत राग उतरेल. आठ दिवस झाले, पंधरा झाले... सुजाताचा फोन आला, "दादा, आई म्हणते का बापाच्या गाडीवर न्यायले आला तर येईन, नाही तर मी इथंच बरी." आता बापाची गाडी तर शेडमध्ये, एकशे सत्तावीस तुकड्यांत! मी चिडून फोन ठेवला. आईला फोन करून उपयोग नाही, ऐकू येत नाही — असं मी स्वतःला सांगत राहिलो. बसनं जाऊन समोर उभं राहायला काय झालं होतं, ते विचारू नका.

पण एक झालं. तोपर्यंत गाडी माझी हौस होती, आता ती सुरू झाल्याशिवाय आई घरी येणार नव्हती. त्याच सुमाराला वेगळ्या राज्यासाठी आंदोलन पेटलं, ऑफिसं बंद, शाळा बंद, बसगाड्या डेपोत. मला दुसरं कामच उरलं नाही. ग्रिलवाल्याकडे बसून हँडलचे पाइप वाकवून घेतले. सीटचा तळ तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बनवला, गादी ऑटोच्या सीटा शिवणाऱ्याकडून करून घेतली. टाकी घासून निळी केली, कारण बाबा दर भीमजयंतीला गाडी धुऊन तिला निळा झेंडा लावायचे. पांढरी साडी नेसून आई मागे. जेवण म्हणजे दोन वेळा अंडी. तिसऱ्या आठवड्यात अंड्याचा वास आला तरी मळमळायचं.

गाडी उभी राहिली, देखणी झाली... आणि सुरू होईना. किक मारून मारून माझी उजवी पोटरी सुजली. प्लग काढून पाहिला तर ठिणगीच नाही. कॉइल बदलली, पॉइंट घासले, बॅटरी नवी आणली. ढिम्म! आमचा नेहमीचा मेकॅनिक यादगिरी, तो भैंशाला गेलेला. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी जिनिंगच्या मशिनी खोलून दुरुस्त करायचं काम तो दरवर्षी घेतो. बस बंद, त्यामुळे तिकडेच अडकलेला.

एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला, न सांगता, तो एका लॉरीतून उतरून थेट माझ्या शेडमध्ये आला. हातात घरची पिशवी तशीच. गाडीला एक चक्कर मारली, हेडलाइटच्या जागी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सार, इधर का मीटर कां गया?"

बुलेटच्या हेडलाइटच्या वर करंट दाखवणारा एक छोटा काटा असतो. त्यानं लुक बिघडतो म्हणून मी तो काढला होता. तसं अभिमानानं सांगितलंही.

"निकाले तो निकाले, ये दो वायरां जोडना नक्को क्या? पूरा करंट इसमें से जाता! आप पुल तोड दिये, और पूछते बस कैकू नै आरी!"

त्या दोन वायरींना मी वेगवेगळी, सुरेख काळी टेप गुंडाळून बांधून ठेवलं होतं. फार काळजीनं. यादगिरीनं टेप सोलली, दोन्ही टोकं पिळून जोडली, पायानंच अंदाज घेत किक हळू दाबली आणि मला म्हणाला, "अब मारो." मारली. धडधडधड... टिनाचं शेड थरथरलं, पत्र्यावरची धूळ आमच्या डोक्यावर पडली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. चार-पाच मिनिटं तशीच चालू ठेवली, मग बंद केली.

खिशातून फोन काढला तर सुजाताचा मिस्ड कॉल, चार वाजून दहा मिनिटांचा. म्हणजे गाडी धडधडत होती त्याच मिनिटांतला. मी फोन लावला.

"दादा, आई पाहा ना कशी करून राह्यली! लसूण सोलत बसली होती. एकदम उठली, पिशवी भरली, चप्पल घातली आन् फाट्यावर जाऊन उभी राह्यली. म्हणते मिलिंद न्यायले येऊन राह्यला. बस नाही काही नाही, लोक पाहून राह्यले. तू काही निरोप पाठवला का?"

कोणाजवळ पाठवणार? यादगिरी येईल हे मलाच माहीत नव्हतं. यादगिरीला सांगितलं तर तो म्हणाला, "मेरे घर से स्कूटर लेके जाओ, जल्दी." पण स्कूटरवर गेलो तर ती परत बहिणीच्या घरात जाऊन बसली असती, आणि मग या जन्मी आली नसती. मी त्याच गाडीवर निघालो. हेडलाइट नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट भिंतीला टेकवलेली. आदिलाबादच्या चौकात पोलिसानं हात केला... आणि गाडीभोवती एक फेरी मारून एवढंच विचारलं, "इदि ए बंडि रा?" — ही कुठली गाडी रे! पुढे आंदोलनवाल्यांनी रस्त्यावरच चुली मांडून भात शिजवायला घेतला होता. जेवल्याशिवाय सोडेनात. शेवटी आई फाट्यावर एकटी उभी आहे म्हटल्यावर दोघांनी पातेलं उचलून बाजूला केलं आणि वाट दिली.

फाट्यावर आई उभी होती, काखेत पिशवी. शेजारी सुजाता, रडवेली.

मला सगळ्यात जास्त भीती आईनं गाडी पाहण्याची होती. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली. टाकीच्या निळ्या रंगावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बकरीच्या पिल्लावानी दिसते." आणि हसली! दोन महिन्यांनी माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी तिच्यासमोर उभा राहून, ओठ नीट हलवून म्हणालो, "आई, चुकलो."

"ते जाऊ दे. मी बसू कुठं?"

जागाच नव्हती. होतं ते कुबड. सुजातानं घरून गोधडी आणली, चौपदरी घडी करून कुबडावर बांधली. मागचे फूटरेस्ट कापायचे राहून गेले होते, नशीब! आईनं पदर खोचला, माझा खांदा धरला आणि आम्ही वीसच्या स्पीडनं निघालो. रस्ताभर ती माझ्या कानात बोलत होती... सुजाताची सासू, म्हशीचं रेडकू, माझे वाळलेले गाल, सगळं. मला उत्तर द्यायची सोय नव्हती, तिला ऐकू थोडंच येणार? रस्ता रोखणाऱ्यांनी या वेळी तिला उतरवून भात खाऊ घातलाच.

पुढे मी सीट लांब केली आणि साडी-गार्ड पुन्हा वेल्ड करून घेतलं. इंटरनेटवर फोटो टाकल्यावर तिथल्या एका जाणकारानं लिहिलं की याला कॅफे रेसर म्हणत नाहीत. नका म्हणू.

आता जे सांगायला बसलो ते. त्या संध्याकाळी चहा पिताना मी आईसमोर बसून विचारलं, "तुले कसं समजलं, मी येऊन राह्यलो म्हणून? गाडी ऐकू आली का?"

"गाडी कायची ऐकू येते मले," ती म्हणाली. "तू हाक मारली ना? ‘आईऽ, झाली सुरू!’ असा वरडला. मंग उठू नाही का?"

मी बशी खाली ठेवली. एक गोष्ट मी वर लिहिली नाही, कारण लाज वाटत होती. सत्तावीस वर्षांचा बाप्या मी... गाडीनं पहिला धडाका दिला तेव्हा मी खरंच घराकडे तोंड करून ओरडलो होतो. "आईऽ, झाली सुरू!" हेच शब्द. लहानपणापासूनची सवय, काही झालं की पहिली बातमी तिला. घरात कोणी नाही हे लक्षात आल्यावर यादगिरी माझ्यावर खो खो हसला होता. हे मी सुजाताला सांगितलं नव्हतं. यादगिरीची आणि आईची त्या दिवशी गाठच पडली नव्हती.

मी मास्तरांचा मुलगा, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रयोग केला. आई अंगणात मेथी निवडत होती. तिच्या मागे चार हातांवर उभं राहून ओरडलो, "आईऽ, झाली सुरू!" तिनं मान वळवली नाही. पुन्हा ओरडलो, अजून मोठ्यानं. शेजारची काकू काय झालं म्हणून धावत आली, आई मेथी निवडतच होती.

योगायोग म्हणाल तर म्हणा, बाबा असते तर तेच म्हणाले असते. दोन महिन्यांत मी तिला एकदाच हाक मारली, आणि ती वीस किलोमीटरवर लसूण टाकून उठली.