दिवा कधीपासून लागला होता

त्या दिवशी मी दिव्याकडे बघत नव्हतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिच्या लेखी तो अपघात म्हणजे दोन शहाण्या माणसांनी सुटीच्या दिवशी केलेला येडपटपणा. मी तिला तसंच समजू दिलं.

दोन शहाण्यांपैकी एक मी, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर. दुसरा माझा मित्र, तिथेच फिटर. एकाच बसने आम्ही ड्यूटीला जायचो. त्याला विमान बनवायचं होतं. एका माणसाचं, छोटं. उडवायची परवानगी मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. "उडवते कोण?" म्हणायचा. "जमिनीवर पळालं तरी बस झालं."

क्वार्टरच्या अंगणात सांगाडा मावेना, म्हणून तो एका शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीजवळच्या टिनाच्या शेडमध्ये नेला. इंजिन भंगारातून आणलेलं, जुन्या विदेशी कारचं. पुढचा पंखा त्याने स्वतः आलापल्लीच्या सागाचा तासला. या कामाला साग जड पडतो असं त्याने वाचलं होतं, पण आमच्याकडे लाकूड म्हणजे साग, तिथे विषय मिटला. विमानाचं शेपूट शेडमागच्या मोहाच्या झाडाला दोराने बांधलेलं असायचं. शेतकरी रोज येऊन बघून जायचा.

"भाऊ, हे उडते का?"

"नाई. पंख लावाचे हायेत अजून."

"मंग बांधून काऊन ठेवलं?"

"इंजिन चालू झालं का ओढते ते."

"झालं का चालू?"

"नाई."

शेतकऱ्याने दोराची गाठ ओढून बघितली आणि तो निघून गेला.

चालू करण्याआधी टायमिंग बघायचं होतं. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी. किती आधी, ते ठरलेलं असतं. ती वेळ जुळवायला डिस्ट्रिब्यूटर नावाचा डबा जरासा फिरवतात आणि क्लॅम्पने आवळून टाकतात. मग तपासणी. डब्याला एक छोटा दिवा जोडायचा, ठिणगी पाडणारे प्लग काढून ठेवायचे आणि पंखा हाताने हळूहळू फिरवायचा. ज्या क्षणी ठिणगी पडायची, त्या क्षणी दिवा लागतो. तेव्हा पंख्याच्या बुंध्यावरची खूण इंजिनवरच्या रेघेसमोर आली पाहिजे. खूण वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नेलपॉलिशची होती. त्यांना विचारलेलं नव्हतं.

मित्राचा एक नियम होता. पंखा फिरवणारा तो आणि दिवा बघणारा मी. मी खुणेकडे बघायचं नाही, फक्त दिव्याकडे. लागला की "लागला" म्हणायचं. तो थांबेल आणि मग खूण बघेल. "उत्तर मालूम असलं का माणसाले तेच दिसते," तो म्हणायचा. बोट माझ्याकडे नव्हतं, पण लागलं मलाच. कंट्रोल रूममध्ये दर तासाला काटे वाचायचे असतात. इतकी वर्षं तेच काटे वाचल्यावर कोणता काटा कुठे असणार हे तोंडपाठ होतं. आम्ही बरेच जण आधी आकडा बोलायचो आणि मग मान वर करायचो. काटा बहुतेक वेळा तिथेच असायचा. त्यामुळे ही सवय वाईट आहे हे कळायला कधी कारणच मिळालं नाही.

त्याने डबा जुळवला, क्लॅम्प आवळला, आणि शेवटचं एकदा बघू म्हणाला. असं शेवटचं एकदा सकाळपासून चाललं होतं. टिन तापलं होतं. उजेडात तो दिवा धड दिसतही नव्हता. खूण मात्र बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होती. खूण रेघेवर आली आणि मी म्हणालो, "लागला."

मग मी दिव्याकडे बघितलं. दिवा लागलेला होता. कधीपासून, ते मला माहीत नाही.

"पक्कं?" त्याने विचारलं.

"पक्कं."

त्याने प्लग बसवले. वजन नको म्हणून स्टार्टर ठेवलेला नव्हता, पंखा हातानेच ओढायचा. मी स्विच टाकला, त्याने पंख्याला झटका दिला. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर जायच्या आधीच खाली ढकलला जातो आणि पंखा उलटा येतो. तसा तो आला, मित्राच्या उजव्या मनगटावर. तो ओरडला नाही. "स्विच बंद कर," एवढंच म्हणाला.

शेतकऱ्याच्या मोटरसायकलवर त्याला मध्ये बसवून चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं?

"पंख्यानं."

"सीलिंगच्या?"

"विमानाच्या."

डॉक्टरांनी नुसतं 'पंखा' लिहिलं.

वहिनी आल्या. त्या मूळच्या सिरोंच्याच्या. राग आला की तेलुगू बोलतात. नवऱ्याशी तेलुगूत बोलून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमी होते ना तिथी? पाह्यलं होतं ना सगळं?"

मी तोंड उघडायच्या आत तोच खाटेवरून म्हणाला, "यानं पाह्यलं होतं. याची गलती नाई. क्लॅम्प ढिला राह्यला असन माह्याकून, प्लग लावतानी सरकला."

"दिवा लागला होता वहिनी," मी म्हणालो. वाक्य खरं होतं.

इथवरचं मी कदाचित पचवलं असतं. पुढचं पचत नाही. दुसऱ्या दिवशी आवराआवर करायला मी एकटा शेडमध्ये गेलो आणि क्लॅम्पला हात लावला. घट्ट होता. डबा दोन्ही हातांनी हलेना. म्हणजे आवळताना डबा फिरला होता आणि नंतर सरकलं काहीच नव्हतं. ते पकडायलाच ती शेवटची तपासणी होती, आणि ती माझी होती. मी पाना घेतला आणि क्लॅम्पचा बोल्ट ढिला केला. त्याला सापडावा म्हणून.

प्लास्टर गळ्यात अडकवून तो आला तेव्हा त्याला सापडला.

"पाह्य," तो म्हणाला. समाधानानेच म्हणाला, कारण सापडलं तर होतं.

मनगट जुळलं, पण बोटं पुरती मिटत नाहीत. मुठीत पाना ठरेना, म्हणून त्याला टूल स्टोअरमध्ये बसवलं. तिथे तो दुसऱ्यांना पाने द्यायचा. पण हातापेक्षा दुसरंच काही जास्त बिघडलं. आवळलेलं सगळं तो पुन्हा आवळायला लागला. गॅसची नळी, नळाची तोटी, डब्याचं झाकण. कुलूप लावून बसपर्यंत आला की परत जायचा. बसमध्ये लोक म्हणायचे, "जा रे बाबा, क्लॅम्प ढिला असन." तोही हसायचा. मीही हसलो आहे.

आता तो निवृत्त होऊन सिरोंच्याला राहतो. विमान त्याने विकलं नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. इंजिन पुन्हा जोडलं आहे, या वेळी स्टार्टरसकट. मोठा दिवा आणला आहे, उन्हातही दिसेल असा.

"टायमिंग पाहाले ये," तो म्हणाला. "तुह्या डोळ्यावर भरोसा हाय. आन् क्लॅम्प या टायमाले तूच आवळ. माह्या हाताचा काही नेम नाई."

मी येतो म्हणालो. बायकोने विचारलं, आता या वयात कशाला? मी म्हटलं, एक काम राहिलं आहे.

दिव्याकडे बघेन. क्लॅम्पला हात लावणार नाही, तो त्यालाच आवळायला लावेन. त्याआधी त्याचं जे मी देणं लागतो ते त्याला सांगेन: त्या दिवशी क्लॅम्प त्याने घट्ट आवळला होता, ढिला नंतर मी केला.