अर्घ्याचं पाणी

देवाचं पाणी मी चोरून प्यायलो. हे लिहायला हात धजत नव्हता; पण आता साठी उलटली आहे, आणि मनात कुढत राहण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघे फौजेतले, नागपूरच्या अंबाझरी तलावावर शिडाची होडी हाकायला शिकलेले. तेवढ्या शिदोरीवर लहानशा शिडाच्या बोटीतून आफ्रिकेचा किनारा गाठायला निघालो होतो! वसंतराव आमचे प्रमुख, नागपुरातल्या महाल भागातले, मोजकं बोलणारे. नामदेव सावनेरचा, माझ्याच वयाचा, सदा हसरा. स्वयंपाक आणि पाणी माझ्याकडे. चार-चार तासांचे पहारे, तळात साचलेलं पाणी उपसणं, फाटलेलं शीड शिवणं, खारट वाऱ्याने अंगावर उठलेल्या फोडांना तेल लावणं, यातच दिवस जायचा. खिचडीत निम्मं पाणी समुद्राचं असे, आणि नामदेव ती मिटक्या मारत खाई.

मग वादळात गोड्या पाण्याची एक टाकी फुटली, रेडिओ भिजून बंद पडला, आणि त्यानंतर वाराच पडला. बोट जागची हलेना. माणशी दिवसाला दोन पेले पाणी ठरलं. रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देण्याचा माझा जुना नेम, तो मी सोडणार होतो, पण वसंतराव म्हणाले, "चमचाभर गोडं पाणी देवाले ठेव गा. तुह्या नेमात खोडा नको."

पहिल्या दिवशी दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाठ करून मोठ्याने मंत्र म्हटला आणि ओंजळ तोंडाला लावली. मग ते रोजचंच झालं. चमच्याची पळी झाली, पळीची वाटी. सूर्य समोरून पाहत होता, आणि मला त्याची लाजही वाटेनाशी झाली.

नामदेवला ताप भरला. पाचव्या दिवशी त्याची जीभ सुजून काळी पडली. मी त्याचा पेला घेऊन गेलो तर त्याने तोंड फिरवलं. "भाऊ, माह्या वाटचं बी सूर्याले देऊन दे. तुहं तो ऐकते."

त्याच्यासमोर, वसंतरावांसमोर मी सगळं ओकून टाकलं. नामदेवला किती कळलं देव जाणे. वसंतराव शांतपणे म्हणाले, "मले माहीत होतं. तुहे ओठ ओले दिसत."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुह्या हातात पाणी होतं. भांडून तिघंही मेलो असतो."

त्या दिवशी मी माझ्या वाटचं सगळं पाणी कापडाने नामदेवच्या तोंडात पिळलं. मंत्र आठवेना. "याला वाचव, मला नको," एवढंच म्हणत राहिलो. त्याआधी दोन जहाजं आमच्याकडे न पाहता निघून गेली होती. दुपारी तिसरं दिसलं. वसंतरावांनी मदतीच्या खुणेचा उरलेला एकच लाल बाण उडवला, आणि जहाज वळलं. ते का वळलं, याचा खल मी कधी केला नाही.

जहाजावरच्या म्हाताऱ्या खानसाम्याने नामदेवला थेंबथेंब पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. पुन्हा धड चालायला त्याला वर्ष लागलं, पण तो जगला.

पण पहिल्या संध्याकाळी त्या खानसाम्याने माझ्याही हातात भरलेला पेला दिला, तेव्हा मी तो खाली ठेवला. "मैं चोर हूँ," म्हणालो. त्याला हिंदी येत नव्हती. हातात त्राण नसेल असं समजून त्याने माझ्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांना लावला. मी प्यायलो, आणि लहान मुलासारखा रडलो. त्याचं नावही विचारायचं राहिलं. त्याचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. देवाने शिक्षा केली असती तर ती मी ताठ मानेने सोसली असती. त्याने पाणी पाजलं, तेव्हा मात्र मान आपोआप खाली गेली.