मदीच्या कबरीची समुद्राकडची भिंत

शेकुवे बंदरखात्याच्या मोजणीच्या होडीवर सव्वीस वर्षं होता. मीही होतो. तो पुढे उभा राहून शिसं टाकायचा, मी वल्हं मारायचो.

शिसं म्हणजे तीन किलोचा लांबट गोळा. त्याच्या बुडाला चरबी लावायची, म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येतो. दोरीला दर वावेला, म्हणजे दोन्ही हात पसरल्याइतक्या अंतरावर, कातड्याची खूण. शिसं तळाला टेकलं की होडी दोरीच्या बरोबर वर आणायची, दोरी ताठ उभी करायची आणि मगच आकडा सांगायचा. तिरक्या दोरीचा आकडा खोटा असतो. दिवसाला दोनशे वेळा शिसं टाकायचं आणि दोनशे वेळा ओली दोरी ओढून घ्यायची. शेकुवेच्या उजव्या तळहातावर रेषा उरल्या नव्हत्या. हे मी वाढवून सांगत नाही, आजही त्याचा हात बघता येईल.

एकदा संध्याकाळी होडीत आकडे लिहून घेणारा खात्याचा साहेब म्हणाला, शेवटचे दहा आकडे अंदाजाने लिहू, ओहोटी लागलीय. शेकुवेने पहिल्या खुणेपासून परत सुरुवात केली. ते दहा आकडे घ्यायला मी दोन तास प्रवाहाविरुद्ध वल्हं मारलं आणि दोन तास त्याला शिव्या दिल्या.

"शिव्या दे," तो म्हणाला, "पण होडी सरळ धर."

असा माणूस. फक्त एका जागी तो सव्वीस वर्षं खोटं बोलला, आणि ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

आमच्या म्वांबोनी गावात 'कप्तान' म्हटलं की एकच माणूस. दोनशे वर्षांपूर्वी तो गोरा आपलं जहाज घेऊन आला, चार महिने राहिला आणि सगळ्या किनाऱ्याचा नकाशा काढून गेला. नकाशा चांगला होता, हे मला मान्य करावं लागतं. आम्ही त्याच्याच आकड्यांशी आमचे आकडे ताडून बघायचो आणि फरक क्वचितच पडायचा. पण तो गेल्यावर दोन वर्षांनी दुसरी जहाजं तोच नकाशा घेऊन आली, आणि त्यांनी उत्तरेकडची आळी तोफांनी जाळली. त्यामुळे गावात दोन तट. शाळेला कप्तानाचं नाव आहे, आणि त्या पाटीवर शेण फेकणारेही शाळेतलेच.

कप्तानाला खडकांमधून आत आणणारा वाटाड्या मदी. तो शेकुवेच्या आईकडचा पूर्वज. म्हणून हे घराणं 'वाट विकणारं'. लग्नात बायका गाणी म्हणताना या घराची सोयरीक आली की मदीला टोमणा मारणारं एक कडवं जास्त म्हणायच्या. शेकुवे मासळी घ्यायला गेला की कोणीतरी ओरडायचं, "झाका रे टोपल्या! हा माप घेऊन जाईल, उद्या गोरा येईल!" सगळे हसायचे. शेकुवे मासा उलटून कल्ला बघायचा, पैसे द्यायचा, निघायचा.

मी विचारलं होतं एकदा, "तुला राग येत नाही?"

"येतो."

"मग?"

"वल्हं मार."

गावाच्या पूर्वेला प्रवाळाची लांब रांग आहे. कप्तानाच्या नकाशावर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडक म्हणून दाखवलीय, मध्ये फट नाही. तिच्या मागे आतलं पाणी. तिथे मासळी अंडी घालते, ओहोटीला बायका काठ्या घेऊन खडकाच्या बिळांतली आठ हातांची माकली काढतात, भरतीला आमच्या चपट्या होड्या खडकावरून आत सरकतात. मोठी बोट तिथे कधी आली नाही, कारण कागदावर खडक होता. आम्हीही तिथे मोजलं नाही. साहेब कागद बघायचा, शेकुवेकडे बघायचा. शेकुवे म्हणायचा, "खडक," की आम्ही पुढे.

आणखी एक गोष्ट मी पाहत होतो आणि मला दिसत नव्हती. उत्तरेचा वारा सुरू व्हायच्या आधी शेकुवे दरवर्षी मदीच्या कबरीला चुना लावायचा. कबर उंचावर आहे, तिला पुरुषभर उंचीच्या चार भिंती आहेत, मागे गोरखचिंचेचं जुनं झाड. चुना आमच्या घरच्या भट्टीतला. चार डबे. चार डब्यांत एकच भिंत होते, आणि तो समुद्राकडची तेवढी रंगवायचा.

"बाकीच्या तिघींनी काय पाप केलंय?" मी विचारायचो.

"चुना तुझा, भिंत माझी."

मला वाटायचं, कंजूष आहे.

कप्तान येऊन गेल्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा धक्क्यावर स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं. समिती झाली. तिचा चिटणीस अथमान मास्तर, शेकुवेच्या बहिणीचा मुलगा. हुशार माणूस, मामाच्या घरात जेवून शिकलेला. शेकुवेला मूल नाही. अथमान पहिला पगार घेऊन आईच्या आधी मामीकडे आला होता.

तो आला त्या दुपारी मी तिथे होतो. शेकुवेची बायको बी रुकिया नारळाच्या दुधातला मासा वाढत होती.

"मामा, मी सभेत मदीचं नाव काढलं," अथमान म्हणाला. "दगडावर कप्तानाबरोबर त्याचंही नाव हवं, म्हटलं. लोक हसले. म्हणे, चोराच्या साथीदाराला दगड कशाला, दोरी द्या."

रुकिया म्हणाली, "जेवताना कशाला तो विषय?"

"मामी, हा दगड पुढची दोनशे वर्षं राहणार. आत्ता नाही तर कधीच नाही. पण माझ्या हातात काहीतरी हवं. नुसतं 'आमचा मदी चांगला होता' म्हणून कोण ऐकेल?"

शेकुवेने हात धुतले. बराच वेळ पुसत राहिला. मग मला म्हणाला, "फुमो, तू जरा ओट्यावर कॉफी घे."

सव्वीस वर्षं एका होडीत बसलेल्या माणसाला. मी उठलो. रुकियाने आल्याची कॉफी आणून दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

त्या शुक्रवारी नमाजानंतर मामा-भाचे होडी घेऊन पूर्वेला गेले. वल्हं अथमानने मारलं. मी किनाऱ्यावरून बघत होतो. काय ते वल्हं! एक पाण्यात, एक हवेत. होडी खेकड्यासारखी चालली होती. शेकुवे पुढे उभा. तोंड बंद, उजवा हात लांब. हात डावीकडे गेला, थांबला, वर झाला, उजवीकडे गेला. खडकाजवळ होडी दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळाने आतल्या पाण्यात दिसली. ओहोटी होती. ओहोटीला तिथून माझी चपटी होडीसुद्धा जात नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, म्हातारपणी डोळे फसवतात.

चार महिन्यांनी एका सकाळी आतल्या पाण्यात दोन मोठ्या यांत्रिक बोटी उभ्या होत्या. तळ खरवडणारी जाळी टाकून बसलेल्या. दुपारपर्यंत पाणी लाल मातीसारखं गढूळ झालं. बायका काठ्या घेऊन गेल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी तीन बोटी. आमच्या पोरांनी आरडाओरडा केला तेव्हा बोटीवरच्या माणसाने परवान्याचा कागद हलवला.

"शिरल्या कुठून?" धक्क्यावर एकच प्रश्न. कोणी म्हणालं, सुरुंग लावला. कोणी म्हणालं, आकाशातून यंत्रं बघतात. शेकुवे तेव्हापासून धक्क्यावर येईनासा झाला. रुकिया सांगायची, ताप आहे.

दगड बसवायच्या दिवशी मात्र तो आला. पांढरा झगा, नवी टोपी. पहिल्या रांगेत त्याला खुर्ची होती. मी मागे उभा होतो.

अथमानने भाषण छान केलं. तो म्हणाला, आपण सात पिढ्या मदीला शिव्या दिल्या, पण मदीने कप्तानाला फसवलं होतं. बंदराचा रस्ता त्याने दाखवला, कारण तोफांपुढे दुसरा उपाय नव्हता. पण पूर्वेच्या खडकातून आत जाणारी खोल वाट त्याने लपवली. त्या बाजूला शिसं त्याने स्वतः टाकलं, प्रत्येक वेळी प्रवाळाच्या डोक्यावर टाकलं, आणि कप्तानाने खडक लिहून घेतला. आळी जळाली तेव्हा बायकामुलं त्याच वाटेने आतल्या पाण्यात नेली आणि वाचवली. ही वाट आता मोजून सिद्ध झालीय, नव्या नकाशात आलीय.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. मी शेकुवेची पाठ बघत होतो. ती ताठ होती.

मग कापड ओढलं. दगडावर कप्तानाचं नाव, जहाजाचं नाव, साल. खाली बारीक अक्षरात 'एका स्थानिक वाटाड्याच्या मदतीने'. शेजारी काचेत नवा नकाशा. पूर्वेच्या खडकात निळी फट, तिच्यात पाण्याची खोली दाखवणारे आकडे, आणि फटीवर नाव: कप्तानाची वाट.

ज्या माणसापासून लपवली त्याचंच नाव.

टाळ्या थांबल्यावर बी सोमोए पुढे आली. ती माकली काढणाऱ्या बायकांमधली सगळ्यात म्हातारी. तिने नकाशावर नाक टेकवलं. वाचता येत नाही तिला, पण निळी फट कळली.

"म्हणजे मदीनं राखली होती," ती म्हणाली.

"हो, आजी," अथमान म्हणाला.

"मग दिली कोणी?"

एकेक मान वळली, पहिल्या रांगेकडे.

शेकुवे उठला आणि घरी गेला. मी मागोमाग गेलो. या वेळी मला कोणी ओट्यावर बसवलं नाही. थोड्या वेळाने अथमान आला, घामाघूम.

"मामा, दगडावरची अक्षरं मी नाही ठरवली. शेवटच्या बैठकीत बदलली."

"ते राहू दे," शेकुवे म्हणाला. "वाट मी तुला तोंडाने सांगितली?"

"नाही."

"मामानं भाच्याला आयुष्यात एकदा दाखवायची. होडीतून, हाताने. बोलायचं नाही, लिहायचं नाही. माझ्या मामाने मला तशीच दाखवली. तू लिहिलंस?"

"मी काही लिहिलं नाही, मामा. अल्लाची शपथ." अथमानने खाली बघितलं. "फोन खिशात चालू होता. होडी जाईल तशी रेघ तो आपोआप काढतो."

"आपोआप."

"समितीला पुरावा हवा होता! नाहीतर म्हणाले असते, म्हाताऱ्याची बडबड आहे. मी रेघ दिली, त्यांनी मोजणीची बोट पाठवली. समितीत बोटींच्या कंपनीचा माणूस आहे हे मला माहीत होतं, पण मला वाटलं कागद तिथल्या तिथे राहील. मदीसाठी केलं, मामा. तुमच्यासाठी."

"तुला वाटलं," शेकुवे म्हणाला. "दोरी तिरकी होती, आणि तू आकडा सांगितलास."

रुकियाने भाच्यासाठी कॉफी आणली होती. ती तशीच परत घेऊन गेली. इतक्या वर्षांत तिने कोणाची कॉफी परत नेलेली मी पाहिली नव्हती.

अथमान आता मोठ्या शहरात असतो. इथल्या शाळेत शिकवणं त्याला जमलं नाही. लोक त्याला फारसं बोलले नाहीत, हे खरं. लोक शेकुवेला बोलतात. मदीचं कडवं लग्नातून गेलं. आता पोरं म्हणतात, पूर्वजानं राखली, पोराच्या पोरानं विकली. मासळीबाजारात टोपल्या झाकायला कोणी सांगत नाही. टोपल्यांत झाकण्यासारखं काही नसतं.

या वर्षी उत्तरेचा वारा सुरू व्हायच्या आधी त्याचा निरोप आला: चुना हवा, वीस डबे.

मी वाचून बघितलं, परत विचारून घेतलं. वीसच. पाच खेपा करून चढावर नेले. तो आधीच येऊन जुने पोपडे खरवडत होता. चारही भिंतींचे.

दोघांनी मिळून काम केलं. सत्तरीच्या दोन माणसांना अडीच दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी सावलीत बसलो असताना त्याने मला सांगितलं, न विचारता. होडीतून बघताना ही पांढरी भिंत गोरखचिंचेच्या बेचक्याखाली बरोबर आली की डावीकडे वळायचं. भिंत झाडापासून बाजूला सरकली की उजवीकडे. एवढंच. सात पिढ्या एवढ्यासाठी चुना.

"सव्वीस वर्षं मी तुला त्या खडकाशेजारून नेलं," मी म्हटलं. "मला सांगितलं नाहीस."

"तू माझ्या बहिणीचा मुलगा नाहीस."

"असतो तर?"

"तुझ्याकडे फोन नाही," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटची भिंत संपली, जमिनीकडची, जी समुद्रावरून कोणाला कधी दिसणार नाही. तिथे त्याने दोन हात दिले. दुसरा हात द्यायची गरज नव्हती, पण त्याने दिला, कोपऱ्यांपर्यंत, नीट. मग ब्रश धुतला आणि लांब उभा राहून बघितलं.

"आता इतर कबरींसारखी दिसते," तो म्हणाला.

खाली आतल्या पाण्यात चार बोटी होत्या. आम्ही रिकामे डबे एकात एक घातले आणि दुसऱ्या बाजूने उतरलो.