रिकाम्या सॉकेटवरचा लाल दिवा

भुताखेतांचं बोलणाऱ्यांना मी तोंडावर हसते, आजही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई आहे मी. दिवा लागला तर करंट कुठून आला ते आधी बघणार. तरी हे लिहितेय...

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला होते, राहायला संत तुकाराम नगरात. आमच्याकडे कागदी टेपवर चालणारं ड्रिलिंग मशीन होतं. टेपवरच्या भोकांमधून त्याला हुकूम मिळायचे. प्रत्येक ओळीतली भोकं एक छोटी आयसी, म्हणजे चिप, मोजायची — पॅरिटी चेकर. हिशेब चुकला, एखादं भोक कमी-जास्त भरलं, की लाल दिवा, आणि मशीन जागच्या जागी बंद.

त्या आठवड्यात धुळीमुळे ते सारखं बंद पडत होतं. एका सकाळी मॅनेजर डोक्यावर बसलेले, "माल आज गेलाच पाहिजे!" मी वैतागून ती आयसी सॉकेटमधून उपटली, एप्रनच्या खिशात टाकली आणि तिथे वायरचा तुकडा जोडला. आता चूक झाली तरी मशीनला कळणार नव्हतं. ऑपरेटर बबनरावांना हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीआधी बबनरावांची किंकाळी ऐकू आली. धावत गेले. एरवी ड्रिल वर जाऊन थांबायचं, मग ते हात घालून जॉब, म्हणजे भोकं पाडायचा तुकडा, बदलायचे. या वेळी ते थांबलंच नाही, सरळ खाली आलं — आणि त्यांच्या उजव्या पंजाच्या बोटभर वर अडलं. लाल दिवा लागलेला!

कॅबिनेट उघडलं. सॉकेट रिकामं. माझी वायर जागेवर. आयसी माझ्या खिशात. टेप पाहिली, तर थांबायच्या ओळीतलं एक भोक तेलकट कचऱ्याने बुजलेलं. म्हणजे दिवा बरोबरच लागला होता... पण मग ती भोकं मोजली कुणी?

"ताई, तुमी सकाळीच मशीन नीट केलं म्हनून हात ऱ्हायला बगा," बबनराव रडत म्हणाले. गुपचूप आयसी परत बसवली. नंतर वायरिंग कितीदा तपासलं, काही म्हणजे काही सापडलं नाही.

तेव्हापासून दर भाऊबीजेला ते चिखलीहून येतात. मी ओवाळते. ते त्याच उजव्या हाताने तबकात ओवाळणी टाकतात, वर म्हणतात, "सख्ख्या भनीनंबी येवढं केलं नसतं." मेल्याहून मेल्यासारखं होतं हो! दरवर्षी ठरवते, या वेळी सांगायचंच. आणि दरवर्षी म्हणते, "बसा दादा, फराळाचं आणते."

तो दिवा कुणी लावला, मला आजही माहीत नाही. माहीत असतं तर म्हटलं असतं, दादा, ही ओवाळणी तिकडे द्या.