एकतिसावं गाणं

आमच्या सलूनवाल्या दत्तूमामांच्या रेडिओवर दिवसभर जुनी गाणी लागतात, म्हणजे तीच ती तीस गाणी. मामांचा हातही त्यांच्याच ठेक्यावर चालतो. दुसरं कडवं संपेपर्यंत माझा डावा गाल झालेला असतो.

आज मात्र कधीच न ऐकलेलं एक जुनं गाणं लागलं आणि वस्तरा हवेतच थांबला. "हे कुठलं हो?" मामांनी मलाच विचारलं. फेसाखाली माझ्या गालावर शहारा आला. त्या काळात अशी किती गाणी झाली असतील, आणि आपण तिसांनाच अख्खा काळ समजत आलो.

गाणं संपलं. नेहमीचं सुरू होताच मामांनी रेडिओ बंद केला.

"राहू दे जरा कानात," ते म्हणाले, आणि माझी अर्धी दाढी तशीच ठेवून ती चाल गुणगुणत राहिले.