तात्यांचं एक खोटं

शेळगावात सोयरीक जमवायला आलेला पाहुणा आधी मुलाच्या घरी जात नसे. तात्यांच्या डाळिंबाच्या बागेत जाई. तात्या आमचे शेजारी. बारामतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले आणि शेतीला लागले. मुलगा पितो का, सासू कशी आहे, जे असेल ते सांगत. त्यांच्यापायी गावातली कितीतरी लग्नं मोडली. एक माझंही. "पोरगा आळशी हाय," म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

जाब विचारायला गेलो, तर छाटणीची कात्री न थांबवता म्हणाले, "समद्यांना खरं पायजे, पण दुसऱ्याचं."

बाग सोडून ते कुठे जात नसत. कष्टाचं कौतुक केलेलं मात्र त्यांना खपत नसे. "कष्टानं माणूस सुधारत न्हाय रं. वंगाळ वागायला सवड घावत न्हाय, येवढंच." एकदा ठिबकच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाले, "माया अशी असती. आपल्याच झाडाच्या बुडात पडती. शेजारचं वाळंना का." आम्ही हसलो.

मग त्यांच्याच मुलासाठी, दत्तासाठी, वरकुट्याहून मुलीचे वडील आले. दत्ता सकाळपासून प्यायचा. "पोराला काय व्यसन, तात्या?" त्यांनी विचारलं. तात्या "न्हाय" म्हणाले. हे पुढे त्यांनीच मला सांगितलं. पाहुण्यांनी दुसरीकडे विचारलंच नाही. तात्यांच्या शब्दानंतर चौकशी कसली?

सुरेखा सून होऊन आली. दत्ता काही सुधारला नाही. मार खाऊन ती बागेत येई आणि तात्यांशेजारी बसून फळं निवडी. एकदा माझ्यादेखत तिने विचारलं, "तात्या, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

त्यानंतर कुणी चौकशीला आलं, की तात्या मान खाली घालत. "मला नगा इचारू." त्यांच्याकडे बघवत नसे.

यंदा ते गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बाग सांभाळू, म्हणून सगळ्यांचं सांगून झालं. दत्ताने दारू सोडायची शपथ घेतली. त्यावर माणसांचाच विश्वास नव्हता, कावळ्याचा कुठून असणार? ऊन चढलं. शेवटी चुलत सासूने सुरेखाला पुढे ढकललं. "तुमाला माफ केलं म्हण, बाई. जीव अडकलाय त्यांचा."

सुरेखाने पिंडापुढे हात जोडले. तिचे डोळे भरले होते.

"तसं म्हणता यायचं न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्याम्होरं खोटं कसं बोलू?"

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि आम्ही घरी आलो.