वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या

मीटिंग सुरू होऊन भिंतीवर तक्ता उमटला की ताई चष्मा काढून डबीत ठेवायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना झोप आली. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "अरे, अक्षरं दिसायला लागली की मी वाचत बसते, आणि माणूस काय बोलतोय ते राहून जातं."

नोएडातल्या आमच्या ऑफिसात त्या सल्लागार होत्या. मूळच्या नाशिकच्या, केंद्र सरकारच्या नोकरीत मोठमोठे प्रकल्प सांभाळून निवृत्त झालेल्या. बाकीच्यांच्या त्या मॅडम. मी पुण्याचा, त्यामुळे माझ्या पहिल्या दिवसापासून ताई. राहायलाही दोघं दिल्लीतल्या द्वारकेतच. मेट्रोच्या लांबलचक प्रवासात मी माझ्या प्रकल्पाचं रडगाणं गायचो आणि त्या मध्येच विचारायच्या, "ते असू दे. कोण कुणासाठी थांबलंय?"

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, सगळीकडे एकच प्रश्न विचारणारं. आपण पाठीमागे त्याची नक्कल करतो. मीही करायचो आणि बऱ्यापैकी करायचो.

माझा तो पहिला मोठा प्रकल्प. एका सरकारी रुग्णालयात रक्ततपासणीचे अहवाल कागदाऐवजी थेट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर पोचवायचे होते. ऐकायला सोपं वाटतं. पण तपासणीची यंत्रं एका कंपनीची, सॉफ्टवेअर आमचं, नेटवर्क तिसऱ्याच कुणाचं आणि रुग्णांच्या नोंदी रुग्णालयाच्या. मी सगळ्यांची कामं एका भल्याथोरल्या तक्त्यात बसवली. काम झालं की हिरवी ओळ, रखडलं की लाल. ताईंना तो दाखवला तर म्हणाल्या, "छान रंगवलायस." मी बापडा ते कौतुक समजलो.

आता त्या रंगांचं सांगतो. लाल ओळ दिसली की डायरेक्टर त्या माणसाला बोलावून घेत, त्यामुळे लाल कुणालाच नको असे. पुढच्याला मेल गेला की लोक आपली ओळ हिरवी करून मोकळे होत. हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर सोयीचंही होतं. सोमवारी सगळ्या वॉर्डांत एकदम सुरुवात करतो, असं मी डायरेक्टरना लिहून दिलं होतं. तक्ता हिरवागार होता.

गुरुवारच्या मीटिंगला ताईंनी मला चक्क प्रोजेक्टरच बंद करायला लावला. मग सगळ्यांना म्हणाल्या, "जो जिसका इंतज़ार कर रहा है, उसके बगल में जाकर बैठिए."

लोक हसले. नेटवर्कवाला जागेवरच बसला, त्याचं काम खरोखरच झालेलं होतं. यंत्रकंपनीचा माणूस उठून रुग्णालयाच्या बाबूंच्या खुर्चीपाशी गेला, तर बाबू तिथून उठून आमच्या प्रोग्रामर मुलीकडे निघालेले. आणि ती मुलगी यंत्रवाल्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जाऊन उभी. तिघं टेबलाभोवती थोडे फिरले, मग थांबून एकमेकांकडे बघत राहिले.

रुग्णाचा क्रमांक किती आकडी असावा, एवढाच प्रश्न होता. यंत्रवाल्याला ते रुग्णालयाकडून कळायला हवं होतं, रुग्णालयाला आमच्याकडून आणि आम्हाला यंत्रवाल्याकडून. तिघांनी पुढच्याला मेल टाकले होते आणि तिघांच्याही ओळी हिरव्या होत्या.

"हमारी तरफ़ से तो डन था, यार," यंत्रवाला पुटपुटला.

सोमवारी तसंच सुरू केलं असतं, तर यंत्राने मापात न बसणारे क्रमांकाचे शेवटचे आकडे छाटले असते आणि एकाच्या रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर गेला असता.

नंतर कॅन्टीनमध्ये मी ताईंना गळ घातली, की डायरेक्टरना तुम्हीच सांगा, तुमचं ते ऐकतात. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

"तूच सांग. मी पुढच्या महिन्यात नाशिकला चाललेय, कायमची. त्यांना तुझं ऐकायची सवय लागू दे."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या निघून जाणार म्हणून, की मला एकट्याला पुढे ढकलताहेत म्हणून, ते काही कळलं नाही. पण गेलो. तक्ता खोटा आहे आणि ठाऊक असून मी तिकडे काणाडोळा केला, असं सरळ सांगितलं. डायरेक्टर बराच वेळ बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं थोडंच आहे. शेवटी त्यांनी विचारलं, मग आता तुझं म्हणणं काय? मी म्हटलं, सोमवार सोडून देऊ. आधी तिघांना एका खोलीत बसवून क्रमांक ठरवू, मग एकच वॉर्ड सुरू करू. तो नीट चालला की पुढचा. ते म्हणाले, "ठीक है. तुम देखो."

ताई दाराबाहेर थांबल्या असतील असं मला वाटलं होतं. त्या केव्हाच मेट्रो पकडून घरी गेल्या होत्या.

पहिला वॉर्ड सुरू झाला तेव्हा त्यांना दिल्ली सोडून दहा-बारा दिवस झाले होते. मी सिस्टरच्या टेबलामागे जीव मुठीत धरून उभा होतो. कॉम्प्युटरवर पहिला अहवाल आला. सिस्टरने नाव वाचलं, मग उठून एका म्हाताऱ्या बाईंच्या मनगटावरच्या पट्टीशी क्रमांक ताडून पाहिला. सगळे आकडे जुळले. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि आपल्या पुढच्या कामाला लागली. आज इथे काही नवीन घडलंय, याचा तिला पत्ताही नव्हता.

म्हाताऱ्या बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. मला डॉक्टरच समजल्या असाव्यात.

"बेटा, मेरा ही है ना?"

"हाँ अम्माजी, आपका ही है."

त्यांनी डोळे मिटून घेतले. हे ऐकायला ताई तिथे हव्या होत्या.